नंबरी गृहस्थ

शासनाने एखादी मुदत जाहीर करावी आणि महाराष्ट्रातील सुज्ञ नागरिकाने ती पहिल्याच फेरीत पाळावी, असा प्रकार निदान माझ्या पाहण्यात नाही. आणि महसूल खात्यात अव्वल कारकुनीपर्यंत मजल मारून निवृत्त झालेल्या मजसारख्या इसमाला तर, मुदत म्हणजे मुदतवाढीचे केवळ पूर्वनिवेदन होय, हे ज्ञान नोकरीच्या उमेदवारीतच प्राप्त झालेले असते. त्यामुळे १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या झाडून साऱ्या वाहनांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत उच्च सुरक्षा क्रमांकपाटी, म्हणजे जिला आता गल्लीतली पोरेसुद्धा एचएसआरपी म्हणून ओळखतात ती, लावून घ्यावी, असे फर्मान सुटले तेव्हा मी स्वस्थ होतो. मुदत जूनअखेरीस गेली तेव्हा माझी श्रद्धा दृढ झाली. ती १५ ऑगस्टला गेली तेव्हा त्या तिथीचे माहात्म्य मला नव्याने उमगले. आणि ती नोव्हेंबरअखेरीवर जाऊन टेकली तेव्हा, जी तरतूद मोटार वाहन नियमावलीत २००१ सालीच दाखल होऊन इतकी वर्षे वाट पाहत बसली होती, ती माझ्या मोटारीसाठी आणखी थोडी कळ काढील, याविषयी माझ्या मनात संदेह उरला नाही.

परंतु या दिरंगाईच्या मुळाशी आळसापेक्षा अहंकार अधिक होता. माझ्या मोटारीवरची पाटी साताऱ्याच्या एका पेंटरने हाताने रंगविलेली होती. कायद्याचे म्हणणे असे की, मोटारीच्या पाटीवरील अक्षर रोमन, अंक आंतरराष्ट्रीय, उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोहोंमधील अंतरही १० मिलिमीटर असावे. पेंटरचे म्हणणे असे की, पट्टी लावून काढलेल्या अक्षरात जीव नसतो. “काका, सातला जराशी मान वळवून देतो,” असे म्हणून त्याने एका दमात जो सात ओढला, तो पाहून आमच्या सोसायटीतील पुणेकरांनीदेखील क्षणभर मौन पाळले होते, आणि पुणेकराच्या मौनाहून मोठे प्रशस्तिपत्र मला आयुष्यात मिळालेले नाही. पुढे रेडियमच्या पट्ट्या आल्या, त्या पेंटरचे दुकान फ्लेक्सचे झाले, आणि ब्रश धुवायला ठेवलेल्या रॉकेलच्या डब्याच्या जागी संगणक आला. मात्र माझा सात मान वळवून तसाच उभा होता. तो उतरवून तेथे एका साच्यातून निघालेला, राज्यातल्या कोट्यवधी सातांचा सख्खा भाऊ शोभेल असा सात बसवायचा, ही कल्पना मला सहन होईना.

त्यातून मी सातारकर. राज्यातील परिवहन कार्यालयांना क्रमांक वाटणाऱ्या अधिकाऱ्याला विनोदबुद्धी होती की नुसताच भूगोल अवगत होता, हे आता सांगता यायचे नाही. परंतु बंगळूरकडून पुण्याकडे येताना कागल ओलांडले की प्रथम कोल्हापूरचा ०९, मग सांगलीचा १०, मग साताऱ्याचा ११ आणि सरतेशेवटी पुण्याचा १२, असे इयत्तांप्रमाणे चढते क्रमांक लागत जातात, आणि त्यामुळे पुणेकर हा बारावी उत्तीर्ण होऊन इतरांना मार्गदर्शन करायला मोकळा, सांगलीकर नुकताच शालान्त परीक्षेतून सुटलेला, कोल्हापूरकर नववीत असूनही साऱ्या शाळेला दमात घेणारा, आणि आम्ही सातारकर मात्र ज्या इयत्तेचा निकाल कोणी विचारीत नाही त्या अकरावीत कायमचे खितपत पडलेले, असा एक विलक्षण देखावा निर्माण झाला आहे. कराडकरांनी मध्येच स्वतंत्र कार्यालय मिळवून पन्नासावा क्रमांक घेतला आणि शाळेचा प्रश्नच निकालात काढला.

तरीही ‘एमएच ११’ ही अक्षरे परमुलखात दृष्टीस पडली की माझे काय होते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. बदामीच्या लेण्यांपाशी, जिथे कानडीखेरीज दुसरा शब्द कानी पडत नव्हता, तिथे एका धुळीने माखलेल्या जीपवर ती पाहून मी तिच्या मालकाची वाट पाहत उन्हात उभा राहिलो होतो. तो आला, मी “कुठले?” म्हणून विचारले, तो “कोरेगावचे” म्हणाला, आणि पुढच्या चहात आम्ही एकमेकांचे निम्मे नातेवाईक शोधून काढले. २०२१ पासून बदलीच्या नोकरदारांसाठी ‘बीएच’ अशी भारत मालिका सुरू झाली आहे. तिची सोय मला मान्य आहे, पण त्या मालिकेच्या धन्याला परगावी उन्हात थांबून “कुठले?” असे कोण विचारणार, आणि विचारलेच तर तो “भारतातले” याहून वेगळे काय सांगणार?

आता ज्या विषयावर मी घरात बोलू लागलो की सौ. कुकरची शिट्टी मोजण्याच्या निमित्ताने आत जातात, त्या विषयाकडे वळतो. माझ्या मोटारीचा क्रमांक आहे १७३०. वाचकांपैकी जे गणिताशी परिचित असतील त्यांच्या काळजात या आकड्याने कळ उठेल. कारण याच्या अगोदरचा क्रमांक १७२९ होय. इंग्रज गणिती हार्डी पटनी येथे आजारी रामानुजनांच्या भेटीस गेले तेव्हा त्यांच्या टॅक्सीचा क्रमांक तोच होता. हा आकडा अगदीच नीरस वाटतो, असे त्यांनी सहज म्हणताच रुग्णशय्येवरील रामानुजनांनी तो निकाल तात्काळ फिरविला, आणि दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, असे सांगितले. एकाचा घन अधिक बाराचा घन म्हणजे १७२९. नवाचा घन अधिक दहाचा घन म्हणजेही १७२९. इतकेच कशाला, या आकड्यातील अंकांची बेरीज १९ येते, तो १९ उलटा केला की ९१, आणि १९ गुणिले ९१ पुन्हा १७२९.

येथवर जगाला माहीत आहे. यापुढचा शोध मात्र सर्वस्वी माझा असून त्याची दखल कोणत्याही विद्यापीठाने घेतलेली नाही. एक म्हणजे मुंबईचे ताडदेव कार्यालय आणि बारा म्हणजे पुणे. नऊ म्हणजे कोल्हापूर आणि दहा म्हणजे सांगली. याचा अर्थ असा की, मुंबई आणि पुणे यांनी आपापले घन एकत्र करून जे वैभव मिळवावे, तेच कोल्हापूर आणि सांगली यांनी ऊस आणि हळदीच्या बळावर तंतोतंत मिळवून दाखविले, असा महाराष्ट्राचा समतोल विकास रामानुजनांना परिवहन कार्यालये निघण्यापूर्वीच दिसला होता. आणि या सुवर्णसमीकरणातून वगळले कोणाला? नऊ, दहा आणि बारा यांच्या ऐन मध्यभागी बसलेल्या अकराला! अकराचा घन १३३१. तो १७२९ मधून वजा जाता ३९८ उरतात, आणि या ३९८चे घनमूळ काढण्याच्या नादात मी अनेक रात्रींची झोप घालविली असून ते सरळपणे येत नाही ते नाहीच. ज्या साताऱ्यात मराठ्यांची राजगादी होती, त्याच्यावर प्रत्यक्ष अंकगणितानेही अन्याय करावा, याचा खेद कोणापाशी मांडावा?

एकदा शिरवळच्या पेट्रोल पंपावर माझ्याच मालिकेतला १७२९ माझ्या पुढे उभा राहिला, तेव्हा मी हवा भरायची सोडून त्या तरुण धन्यापाशी गेलो आणि त्याच्या पाटीचे माहात्म्य सविस्तर कथन केले. त्याने ते अदबीने ऐकून घेतले. “असंय व्हय!” तो म्हणाला, “आम्ही आपला बेरीज एक येतीय म्हणून घेतला, काका. सूर्याचा अंक. जादा पैसं भरलं त्यासाठी.” मग माझ्या मोटारीकडे पाहून त्याने मनापासून हळहळत म्हटले, “म्हंजी थोडक्यात हुकलं की तुमचं.” परतीच्या वाटेवर मी १७३०च्या अंकांची बेरीज करून पाहिली. ती अकरा आली, आणि खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत साताऱ्याची फिर्याद मी निकालात काढली होती.

या व्यसनात मी एकटा नाही, एवढाच काय तो दिलासा. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने मोटारींना क्रमांक सक्तीचे झाले, तेव्हा लंडनचा ‘ए १’ आपल्यालाच मिळावा म्हणून तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू, प्रत्यक्ष अर्ल रसेल, रात्रभर रांगेत उभे होते, असे सांगतात. आमच्याकडे रांगेऐवजी शुल्क आहे: २०२४ पासून चारचाकीच्या ०००१ या क्रमांकासाठी पाच लाख रुपये, आणि मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा लाख. ज्यांना ते परवडत नाही ते पेंटरच्या मदतीने ४१४१चा ‘दादा’ करतात, २१४चा ‘राम’ करतात, आणि उरलेल्या जागेत मुकुट, तलवार किंवा सिंहाचे मुख यांची योजना करतात. माझ्या साताची वळलेली मान आणि त्यांचा मुकुट यांत तत्त्वतः काही फरक नाही, हे मला माहीत होते. तथापि माझी कला आणि त्यांचा आचरटपणा, अशी वर्गवारी मी मनोमन करून ठेवली होती.

एके दिवशी पहाटे आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, दुधाच्या पिशव्या घालणाऱ्या मावशींना एका मोटारसायकलने उडविले आणि ती भरधाव निघून गेली. मावशींच्या मांडीचे हाड मोडले. पाहणारे पुष्कळ होते आणि पाटीही सर्वांनी पाहिली होती. एकाने मुकुट पाहिला होता, दुसऱ्याला सिंह आठवत होता, आणि हवालदारांनी पंचनाम्यासाठी नंबर विचारला तेव्हा तिसरा म्हणाला, “नंबर नव्हता साहेब, ‘दादा’ लिहिलं होतं.” हवालदारांनी त्याचे ४१४१ करून पाहिले, पण राज्यातल्या प्रत्येक मालिकेत एक ४१४१ असतोच, आणि जिल्हा कोणता, मालिका कोणती, ही दोन्ही अक्षरे त्या मुकुटाखाली गडप झालेली होती. वाहनाचा तपास लागला नाही. तपास न लागणाऱ्या अशा वाहनाने गंभीर जखमी केल्यास कायद्याने मिळणारी भरपाई पन्नास हजार रुपये आहे आणि जीव घेतल्यास दोन लाख. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर हे आकडे साडेबारा हजार आणि पंचवीस हजार असे होते. ज्या राज्यात चांगला नंबर मिळविण्याचा भाव पाच लाख आहे, तिथे नंबर न दिसता मेलेल्या माणसाचा भाव दोन लाख आहे, आणि या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहण्याची मला छाती झाली नाही.

मोटारीची गादी माझ्यासाठी आहे, आरसे माझ्यासाठी, थंड हवेचे यंत्र माझ्यासाठी. पाटी तेवढी माझ्यासाठी नाही. गाडीत बसल्यावर ती मला दिसतही नाही. जो कोणी अनोळखी माणूस माझ्यामुळे रस्त्यावर पडेल, त्याने किंवा त्याच्या वतीने शेजारच्या भाजीवाल्याने, अर्ध्या निमिषात, पावसात, अंधारात वाचावी म्हणून ती आहे. आणि म्हणूनच कायदा मागल्या पाटीवर पांढरा दिवा हवा म्हणतो, आणि त्या उजेडात क्रमांक १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे असेही म्हणतो. दर रविवारी मोटारीला मेण चोळणारे पुष्कळ गृहस्थ मी ओळखतो. पण तो चिमुकला दिवा लागतो की नाही हे खाली वाकून पाहणारा, किंवा घाटातून आल्यावर पाटीवरचा चिखल आधी पुसून मग घरात शिरणारा सज्जन मला अजून भेटायचा आहे.

मी ७४५ रुपये आणि वर कर भरून अर्ज केला. फिटमेंट सेंटरवरच्या पोराने माझा सात निर्विकारपणे उचकटून काढला आणि पुन्हा निघणार नाही अशा कुलुपी खिळ्यांनी नवी पाटी ठोकली. तिच्यावर अशोकचक्राचे चमकते चित्र आहे, निळ्या रंगात देशाचे नाव आहे, सर्व अंकांच्या माना सरळ आहेत, आणि भाजीवाल्याला ती समोरच्या पदपथावरून वाचता येते. मी त्याच्याकडून प्रत्यक्ष वाचून घेतली. पाटीच्या डाव्या कोपऱ्यात खाली लेसरने कोरलेला एक बारीकसा कायमचा क्रमांकही आहे. तो प्रत्येक पाटीला निराळा असतो, आणि साऱ्या जगात तो फक्त माझाच आहे, हे समजल्यापासून मी सकाळी भिंग घेऊन मोटारीच्या मागे उकिडवा बसतो. “अहो, शेजारी विचारताहेत, काही हरवलंय का म्हणून,” असे सौ. खिडकीतून ओरडून सांगतात. अद्याप त्या अंकांत मला असामान्य असे काही आढळलेले नाही. परंतु रामानुजनांकडेही टॅक्सीने हार्डींना यावे लागले होते, आणि माझ्याकडे अजून कोणी आलेले नाही.