प्रयोगशाळा किल्विषकडेच का?

शक्तिमानवर माझं प्रेम आहे आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. आज दोन्ही एकदमच लिहितो, कारण प्रेमाबद्दल बरेच जण लिहितात आणि भांडणाला कुणी हात घालत नाही.

आधी प्रेम. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मार्च २००५ पर्यंत चालली. त्या वर्षांत आमच्या झाडीपट्टीत मूल, चिमूर, सिंदेवाही, वडसा, धानोरा कुठेही जा, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी रविवारी दुपारी अर्धा मोहल्ला. एक जण कवेलूंवर चढून अँटेना फिरवणार, बाकीचे खालून ‘आला, आला, गेला’ ओरडणार. लाइन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणणार. मुकेश खन्नांचा तो मरून-सोनेरी पोशाख आमच्याकडे कित्येकांनी आधी काळ्या-पांढऱ्यातच पाहिला. तरी तो उडाला की अंगावर काटा यायचा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली तेव्हा त्याला उडवणाऱ्या तारा स्पष्ट दिसत होत्या. काटा तरीही आला.

मालिका लांबली, ही माझी तक्रार नाही. आम्ही झाडीपट्टीची माणसं. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो आणि मांडवातून कुणी उठत नाही. अशा प्रेक्षकाला चारशेच्या वर भाग जड जात नाहीत. नायिका गीता विश्वासच्या भूमिकेतून किटू गिडवानी गेल्या आणि वैष्णवी महंत आल्या, तेही चाललं. पण रात्रभर बसणारा माणूस गोष्टीचा हिशेब ठेवतो. तीच लढाई आठवण म्हणून तिसऱ्यांदा दाखवली की त्याला कळतं, लेखकाकडे या आठवड्यात सांगायला काही नाही. उत्तरार्धात असे आठवडे फार आले.

ते सोडून देऊ. खरं भांडण डॉ. जैकालवरून आहे.

शक्तिमानची शक्ती कुठून आली? सूर्यांशी साधूंकडून, कुंडलिनीतून, पंचमहाभूतांतून. छान. आणि त्या जगातला सगळ्यात ठळक वैज्ञानिक कोण? ललित परिमू यांनी जीव ओतून उभा केलेला डॉ. जैकाल. तो कुणाचा माणूस? अंधाराच्या राजाचा, खलनायक तमराज किल्विषचा. म्हणजे ध्यान करतो तो नायक आणि प्रयोग करतो तो अंधाराचा चाकर. परीक्षानळी दिसली की समजायचं, आता काहीतरी विपरीत बाहेर येणार. साडेसात वर्षं देशभरातल्या पोरांनी हे पाहिलं. विज्ञानकथा म्हणून आम्ही जिला डोक्यावर घेतलं, त्या मालिकेनं विज्ञान बहुतेक वेळा खलनायकाच्या तळघरात ठेवलं. मला हे तेव्हाही खुपत होतं, आज जास्त खुपतं.

जास्त खुपण्याचं कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. शक्तिमान गिरक्या घेऊ लागला त्याच सुमारास, १९९५ ते ९८ दरम्यान, गडचिरोलीच्या ३९ गावांत एक प्रयोग चालू होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात बाळांची काळजी शिकवली. वजन कसं करायचं, बाळ ऊबदार कसं ठेवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो निबंध छापला. त्याच्याही आधी, आकडे न येणाऱ्या सुईणींना बाळाचा श्वास मोजता यावा म्हणून याच मंडळींनी मण्यांचं एक साधन बनवलं होतं. श्वास भराभर चालला असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि औषध सुरू करायचं. मण्यांवर श्वास मोजणारी म्हातारी सुईण! कुठल्या पटकथालेखकाला हे सुचलं असतं? प्रयोगशाळा म्हणजे धूर आणि निळे दिवे, असंच ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यांच्या नजरेला ती कुडाच्या घरात दिसणारच नाही.

रविवारच्या त्या गर्दीत एक आजोबा असत. टीव्हीवर मुंबईच्या इमारतींमधून शक्तिमान गेला की विचारायचे, ‘का जी, हा आमच्या गावाले कवा येते?’ सगळे हसायचे. प्रश्न मात्र रास्त होता. ‘कॅप्टन व्योम’ १९९८ मध्ये आला तो तर थेट बाविसाव्या शतकात गेला, गुरूच्या चंद्रापर्यंत पोचला. त्या वाटेवर आमचा जंगलपट्टा लागला नाही. आमच्याकडे भविष्यकाळ येणार नाही, हे लेखकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आकाशानं मात्र तसं ठरवलं नव्हतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रावरून आणि मध्य प्रदेशावरून जळत्या रेघा जाताना लोकांनी पाहिल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. सुमारे तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोंच्या आसपास. तालुक्यातच पवनपारजवळ एक गोळाही सापडला. वस्तू पोलीस ठाण्यात ठेवल्या, पाहायला रांग लागली, इस्रोची माणसं येऊन तपासून गेली. चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तो भाग असावा, असं अभ्यासकांचं मत पडलं. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. पण विचार करा: धानाच्या गावात अवकाशातला कचरा पडतो, आणि ‘हे कुणाचं, भरपाई कोण देणार, पुन्हा पडलं तर?’ हे प्रश्न गावकरी विचारतात. पंचमहाभूतांना हाक मारून त्यांची उत्तरं मिळत नाहीत. ती मिळवायला कक्षा मोजणारा माणूस लागतो, आंतरराष्ट्रीय करार वाचणारा माणूस लागतो.

जयंत नारळीकरांच्या कथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हे नवं सांगायला नको. तिथे वैज्ञानिक चुकतो, भांडतो, पुरावा मागतो आणि तरी आपला माणूस असतो. असा एक माणूस शक्तिमानच्या बाजूला उभा राहिला असता तर मालिका कमकुवत झाली नसती. उलट किल्विषला खरी धास्ती बसली असती.

त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर तीन चित्रपट करणार असल्याची घोषणा केली होती. चित्रपट येईल तेव्हा मी पहिल्या दिवशी तिकीट काढणार, यात शंका नाही. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की गीता विश्वास पत्रकार आहे, तिला एकदा सिंदेवाहीच्या एसटीत बसवा. तिला आरोग्यदूत बाईशी बोलू द्या, ते कडं पडलं ती जागा पाहू द्या. आणि डॉ. जैकालला एका तरी प्रसंगात मालकासमोर ताठ उभं राहून ‘हा प्रयोग मी करणार नाही’ म्हणू द्या. त्या प्रसंगात शक्तिमान दहा मिनिटं उशिरा आला तरी आमची हरकत नाही.