आमच्या ड्रायव्हरला दोष देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,

वॉल्व्हच्या कामासाठी हेड उतरवून टेम्पो परत देताना तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, "आता बिनधास्त घाट चढवा." कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळ्या भरल्या. खोपोलीपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नाही. बोरघाटाची चढण लागली आणि काटा थेट लाल पट्टीला भिडला. तुमचं निदान तयारच होतं: ड्रायव्हर गाडी ओढतो!

मग बदलाबदली सुरू झाली. रेडिएटर साफ केला, झाकण नवं, वॉटर पंप नवा. शेवटी थर्मोस्टॅटच काढून टाकलात. प्रत्येक वेळी बिल आमच्या नावावर. ऑइल दुधाळ नाही, पांढरा धूर नाही, पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे हेडचं पॅकिंग चांगलं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. पॅकिंग फुटलं नव्हतं हे खरं. पण गाडी तापायला लागली ती तुमचा हात लागल्यावर. मग स्वतःचंच काम पुन्हा उघडून बघावं, असं का वाटलं नाही तुम्हाला?

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी विचारलं, "हेड उतरवण्याआधी तापत होती का?" मग टेम्परेचर गन लावून हेडचा पुढचा-मागचा भाग तपासला. मागचा कितीतरी जास्त तापलेला. हेड निघालं, तर पॅकिंगवर छापलेला 'फ्रंट' हा शब्द शेवटच्या सिलिंडरपाशी! मागे पाणी वर चढायची मोठी भोकं पंपाच्या बाजूला आलेली. पाणी पुढूनच हेडमध्ये शिरून रेडिएटरकडे परत जायचं, मागच्या सिलिंडरांपाशी ते जवळपास फिरायचंच नाही. तिथे पॅकिंगच्या पत्र्यावर गंजाची गोल वर्तुळं उमटली होती. ब्लॉकमधलं पाणी तिथंच अडत होतं. रिकाम्या गाडीला तेवढं भागतं, लोड घेऊन घाटात नाही भागत. पॅकिंग उलटंसुद्धा बोल्टांत बसतं, म्हणून तर त्यावर तो शब्द छापतात. एक शब्द वाचायला किती वेळ लागतो, मिस्त्री?

हेड वाकलं, त्याचं फेसिंग करून घेतलं. तो खर्च मी सोसला. पण आमचा ड्रायव्हर रात्री घाटात चाकांमागे दगड लावून, मागून येणाऱ्या कंटेनरना टॉर्च दाखवत उभा राहिला, आणि सकाळी तुमच्या गॅरेजमध्ये चारचौघांत त्यानेच बोलणी खाल्ली. त्याच चारचौघांसमोर त्याची माफी मागा. आणि त्या दिवसांत आणखी ज्यांची हेडं बसवलीत, त्यांना आजच फोन करा. त्यातली एखादी गाडी या क्षणी घाटात असेल.