फुटपाथवर गाडी लावणाऱ्या महाशयांस

महाशय,

आपलं नाव मला ठाऊक नाही, पण आपली दुचाकी चांगली ओळखीची आहे. ठाण्यात गोखले रोडवरून आमच्या गल्लीत वळलं की पहिल्याच दुकानाच्या पायरीला टेकून ती फुटपाथवर आडवी उभी असते. सकाळी आपण चहाला थांबता, संध्याकाळी वडापावला. कुणी हटकलं तर "दोनच मिनिटं" म्हणता. आपला वेळ मोलाचा. पालिकेने हा फुटपाथ खास आपल्या गाडीच्या मापाने बांधून घेतलाय, हे आम्हा पायी चालणाऱ्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पत्र लिहायला कारण झाली माझी आत्या. वय साठीच्या पुढे, साखर वाढलेली, एक गुडघा दुखरा. रोज चालायलाच हवं, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. गोळ्या ती वेळच्या वेळी घेते, चालणं मात्र पावसाळा संपू दे, सणवार होऊ देत, असं पुढे पुढे जात राहिलं. घरच्यांनी बूट आणले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची भाषणं तिने मोबाइलवर ऐकली. पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर हा त्यांचा हिशेब तिला तोंडपाठ झाला. तेवढं जमणार नाही, पण घंटाळीच्या देवळापर्यंत तरी जाऊन येऊ, असं तिचं तिनेच ठरवलं आणि एका सकाळी आम्ही दोघी निघालो.

आपल्या गाडीपाशी थांबलो. दुकानाची पायरी आणि मागचं चाक यांच्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट होती. आत्याने आधी पिशवी पुढे केली, मग खांदा घातला. आरशात पदर अडकला, तो मी सोडवला. सायलेन्सर अजून तापलेला होता. पोटरीला चटका बसेल म्हणून ती मागे सरली आणि रस्त्यावर उतरायला वळली. फुटपाथची कड चांगली वीतभर उंच. आधी दुखरा पाय खाली टाकायचा की धड, यावर ती अडली आणि तेवढ्यात मागून रिक्षाने हॉर्न मारला. माझा दंड तिने इतका घट्ट धरला की बोटं उमटली. "आज राहू दे गं, उद्या बघू," म्हणाली आणि परत फिरली.

घरी तिने आपल्या गाडीचा शब्दही काढला नाही. पाय दुखतोय म्हणाली. म्हणून आपण गुन्हेगार आहात हे आपल्या कानावर कधी येत नाही. चालायचं सोडणारी माणसं दोष स्वतःकडेच घेतात. आळशीपणा, वय, गुडघे, सगळ्यांची नावं निघतात, आपलं निघत नाही.

मनात असलं की माणूस चालतोच, असं आपण म्हणाल. मला हेच मान्य नाही. सुरुवातीच्या दिवसांतलं मन फार तकलादू असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता. रोज ठरल्या वेळी, ठरल्या खुणेला एकच नवी गोष्ट करायची आणि ती अंगवळणी कधी पडते ते पाहायचं. साधारण 66 दिवस लागले, तेही कुणाला बरेच कमी, कुणाला कितीतरी जास्त. पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर जडली, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यांना आढळलं. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिला धीर आला. पण महाशय, तिचा एखादा दिवस चुकेल. आपली गाडी तर एकही दिवस चुकत नाही.

आणि चालणं हा काही रिकामपणाचा उद्योग नव्हे. 1953 साली जेरेमी मॉरिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या दुमजली बसमधल्या माणसांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता. बस तीच, शहर तेच. आमच्या नौपाड्यातही स्टेशनला पायी जाणं हा पूर्वी दिवसाचा भाग होता, त्यासाठी वेगळी उमेद गोळा करावी लागत नसे. आता ती करावी लागते, आणि गोळा केलेली उमेद आपल्या मागच्या चाकाशी सांडते.

"तलावपाळीवर जा की फिरायला," हा सल्ला आम्हाला हमखास मिळतो. तिथला मासुंदा तलाव सुंदरच आहे, पाचपाखाडीला कचराळी तलावही आहे. पण तिथवर पोचायला आधी फुटपाथच लागतो. दुखऱ्या गुडघ्याची बाई फिरायला जायला रिक्षा करणार का?

उखडलेले पेव्हर ब्लॉक हा पालिकेचा दोष आहे, तो मी आपल्या माथी मारणार नाही. फेरीवाल्याला निदान पोट आहे, आणि आत्या दिसली की तो टोपली मागे ओढतो. आपल्या गाडीला तेही जमत नाही. फुटपाथवर वाहन उभं करायला 2017च्या मोटार वाहन चालन नियमांत सरळ मनाई आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अडथळ्याविना फुटपाथ वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आत्याचा हा हक्क रोज सकाळी आपल्या चहाच्या कपापुढे हरतो.

गावदेवी मैदानाखाली पालिकेने वाहनतळ बांधलाय. गाडी तिथे ठेवा. तिथून आपल्या चहापर्यंत दहाएक मिनिटांची चाल पडेल, परतताना पुन्हा तेवढीच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगते. जरा भराभर पावलं टाकलीत तर त्यातला बराचसा आपल्या चहातच उरकेल. वर वडापाव आहेच.

आत्या पुन्हा निघायला तयार झाली आहे. आम्ही सकाळी साडेसहाला गेटबाहेर पडू. तेव्हा तो फुटपाथ मोकळा हवा.

आपली,
नौपाड्यातली एक रहिवासी