फिरणं फुकट, पाणी विकत

युरोपला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत पॅरिस असतं, स्वित्झर्लंड असतं, लक्झेंबर्ग नसतं. टूरवाल्यांची बस त्या देशातून जाते तेव्हा निम्मे प्रवासी घोरत असतात आणि उरलेले चकल्यांच्या पिशव्या सोडत असतात. चकली संपेपर्यंत बेल्जियम आलेलं असतं. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे दोन देश मावावेत. वस्ती सात लाखांहून कमी. पण थाट बघाल तर सैन्य स्वतःचं, कारभाराच्या भाषा तीन आणि गादीवर ग्रँड ड्यूक. जगात ग्रँड ड्यूकचा देश म्हणून उरलाय तो हाच.

जायचंच असेल तर आधी व्हिसा. बँकेचे उतारे, आयकराचे कागद, विमा आणि आपण गुन्हेगार दिसतो असा फोटो, हे सगळं ज्या शेंगेनच्या नावानं आपण गोळा करतो, ते शेंगेन याच देशातलं मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं एक खेडं आहे. १४ जून १९८५ रोजी नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी इथं करारावर सह्या केल्या. आता तिथं संग्रहालय आहे, वाइन आहे. व्हिसाची खिडकी तेवढी नाही. पूल ओलांडला की जर्मनी, काठानं थोडं चालत गेलं की फ्रान्स. आमच्याबरोबरचे एक काका कागदपत्रांची जाडजूड फाइल छातीशी धरून पूल ओलांडून गेले आणि तसेच परत आले. कुणी हटकलं नाही. “एवढ्या झेरॉक्स काढल्या, निदान एकानं तरी बघायच्या!” ते खरोखरच दुखावले होते. पासपोर्ट मात्र खिशात असू द्या. जर्मनीनं हल्ली सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि ती कधी आपल्या वाट्याला येईल सांगता येत नाही.

आता मुख्य आकर्षण. २९ फेब्रुवारी २०२० पासून या देशात बस, ट्रॅम आणि रेल्वे फुकट आहे. नागरिकांना फुकट, पाहुण्यांना फुकट, चकली खाणाऱ्यांनाही फुकट. विमानतळावरून थेट शहरात ट्रॅम येते; तिकीट खिडकी शोधत बसू नका. पैसे पडतात ते रेल्वेच्या पहिल्या वर्गाला, आणि दुसरा वर्ग फुकट असताना तिथं कोण बसतं हे जाऊन बघण्यासारखं आहे. पण आयुष्यभर टीसीला भ्यालेल्या माणसाला हे सुख सोसत नाही. काका ट्रॅममध्ये दाराकडे डोळे लावून बसले होते.

“आणि टीसी आला तर दाखवायचं काय?”

“काही नाही, काका.”

“तरी पण, काहीतरी?”

शेवटी त्यांनी फाइल मांडीवर घेतली. तेव्हा कुठं त्यांचा जीव शांत झाला.

या फुकटेपणाला हद्द आहे, आणि ती देशाची हद्द. गाडीत डुलकी लागली तर जाग येते ती बेल्जियममधल्या आर्लॉनला, फ्रान्समधल्या थियोनव्हिलला किंवा जर्मनीतल्या ट्रियरला. तिथवरचं तिकीट लागतं. शेजारच्या या तीन देशांतून दोन लाखांहून जास्त माणसं रोज इथं नोकरीला येतात, कारण इथला पगार परवडतो, भाडं परवडत नाही. म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमाराला स्टेशनात शिरू नका. हॉटेलं शक्यतो शनिवार-रविवारची घ्या; बँकवाले आणि युरोपीय संघाचे अधिकारी घरी गेले की दर जरा माणसात येतात.

राजधानीत नकाशावर विसंबू नका. तो सांगेल, दोनशे मीटर. ते दोनशे मीटर तो आडवे मोजतो. शहर बसलंय कड्यावर आणि दरीत. सुदैवानं दरीतल्या फाफेनथाल वस्तीत २०१६ साली सुरू झालेली काचेची लिफ्ट आहे. ती ७१ मीटर वर नेते, तीही फुकट. काकूंनी गुडघ्यांच्या नावानं चार वेळा वर-खाली केलं. बोकच्या कड्यातली भुयारं जरूर बघा. १८६७च्या लंडन तहानं इथला किल्ला पाडायला लावला, पण भुयारं उडवली असती तर वरचं शहरही खाली आलं असतं. म्हणून ती वाचली. तिथं तिकीट आहे आणि पायऱ्याही आहेत, दोन्ही भरपूर.

खाण्यात सावध राहा. घेवड्याच्या जातीच्या शेंगांची भाजी म्हणून जे मागवाल त्या दाण्यांखाली डुकराच्या मानेचा खारवलेला तुकडा पहुडलेला असतो. तीच इथली मानाची थाळी. शेंगांच्या सूपवरही भरवसा नको, त्यात बेकन असतं. शाकाहाऱ्यांना त्राता म्हणजे जत्रेत मिळणारे ग्रोम्परेकिशेलशर, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं कांदा घालून तळलेलं थालीपीठच. पण त्यातही अंडं असतं, तेव्हा एकादशी सोडून खा. शनिवारपर्यंत किराणा आणून ठेवा, रविवारी बाजार बहुतेक मिटलेला असतो. पेट्रोल पंप उघडे असतात आणि तिथं शेजारच्या देशांतली माणसं इंधन, दारू आणि सिगारेटी घ्यायला रांग लावतात, कारण इथं कर कमी आहे.

हॉटेलात मात्र पाणी मागितलं की बाटली येते आणि बाटलीमागून बिल. काकांनी ते बिल दोनदा वाचलं, मग फाइलमध्ये लावून ठेवलं. खोलीतल्या नळाचं पाणी उत्तम असतं. रिकामी बाटली भरून निघा.

एकूण हिशेब असा, की लक्झेंबर्गमध्ये एक तर फुकट मिळतं, नाही तर महाग. मधलं काही नाही. खिसा हलका असेल तर जास्तीत जास्त वेळ बसमध्येच काढावा.