भोपळ्याच्या नावानं चांगभलं

ऑगस्ट संपायला अजून आठवडा होता. न्यू जर्सीत ऊन असं, की गाडीतून उतरून दुकानाच्या दारापर्यंत जाताना सदरा पाठीला चिकटला. दार उघडलं आणि आतून दालचिनीचा भपकारा आला. लेक म्हणाली, ‘‘बाबा, फॉल आला!’’ मी मागे वळून पाहिलं. झाडावरचं एक पान पिवळं नव्हतं.

अमेरिकेत ऋतू पंचांग बघून येत नाहीत, कॉफीवाल्याची पाटी बघून येतात. २०२३ साली स्टारबक्सनं ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ बाहेर काढली २४ ऑगस्टला. शरद ऋतू बिचारा पुढे महिनाभर दाराबाहेर ताटकळत होता.

या पेयाचा जन्म २००३चा. आधी वॉशिंग्टन आणि व्हँकुव्हरकरांना पाजून पाहिलं, मग देशभर सोडलं. कपात दालचिनी होती, जायफळ होतं, आलं-लवंग होती. आणि भोपळा? भोपळा! गणिताच्या पेपरात आम्हाला मिळायचा तो. बारा वर्षं लोक भोपळ्याविना भोपळा रांगा लावून प्यायले. २०१५ साली कंपनीनं जाहीर केलं, की आता खराखुरा भोपळा घालणार. भ्रमाचा भोपळा फुटला तो थेट कपातच. रांग मात्र तेवढीच राहिली.

खरं तर कंपनीची बाजूही पडती नाही. हा मसाला मुळात भोपळ्याचा नव्हेच, तो भोपळ्याच्या पायचा. (पाय म्हणजे सारण भरून भाजतात तो, आपला नव्हे.) १९३४मध्ये मॅकॉर्मिक कंपनीनं तो तयार डबीत आणला तेव्हा नाव होतं ‘पम्पकिन पाय स्पाइस’. पुढे नावातला पाय गळाला आणि बिनपायाचा मसाला सुसाट धावत सुटला.

किती धावावं? २०१९मध्ये तो स्पॅममध्ये, म्हणजे डबाबंद डुकराच्या मांसात शिरला. २०२१मध्ये कप नूडल्समध्ये. आमच्या समोरच्या फळीवर हात धुण्याचा साबण, कुत्र्याची बिस्किटं आणि काखेत फासायची कांडी, सगळं एकाच वासाचं. कांडी बघून मात्र मला डचांची दया आली. याच जायफळापायी त्यांनी १६६७च्या ब्रेडाच्या तहात मॅनहॅटनवर पाणी सोडलं आणि बांदा बेटांतलं रन नावाचं चिमूटभर बेट राखलं. आज मॅनहॅटनची माणसं तेच जायफळ काखेत घालून लोकलला लटकतात.

लेकीनं मेणबत्ती घेतली. चौदा डॉलर. मनातल्या मनात रुपये केले आणि लगेच विसरायचा प्रयत्न केला. काचेच्या बरणीत नारिंगी मेण, वर सोनेरी झाकण, बुडाशी बारीक अक्षरांत सूचना: खाऊ नये. ती लिहावी लागली, यातच सगळं आलं.

हिनं त्या दुकानातून एकच वस्तू उचलली: भोपळ्याच्या गराचा डबा. ‘‘यात तरी आहे ना?’’ तिनं विचारलं. आहे, पण दारात कोरून ठेवतात तो नारिंगी गडी नव्हे. डब्यात बहुतेक वेळा डिकिन्सन जातीचा, फिकट सालीचा, लांबोडा भोपळा असतो. भोपळ्यातही डमी उमेदवार!

रविवारी हिनं त्याच गराचे घारगे केले. गर सैल म्हणून कणीक जास्त लागली आणि त्यावरून डबा, कारखाना आणि जावई यांचा यथेच्छ उद्धार झाला. मग गूळ, चिमूटभर मीठ, वर सढळ हातानं किसलेलं जायफळ. पहिला घारगा तेलात टम्म फुगला. वास जिन्यावरून वर गेला, तसा नातू धडधडत खाली आला. नाक वर करून त्यानं दोनदा हुंगलं आणि कौतुकानं म्हणाला,

‘‘आजी, मेणबत्ती लावलीस?’’