फुंकणीचा हिशेब

रविवारच्या पोह्यांवर पुतण्याने जाहीर केलं, "काका, आपल्या वॅगनआरला टर्बो बसवू या!"

गाडी जुनी, १०६१ सीसीची. तिच्याकडून मी भिलाईतल्या सेक्टर सहा ते सिव्हिक सेंटर यापलीकडे कधी काही मागितलं नव्हतं. हल्ली ती जरा दमते. पण हल्ली मीही दमतो.

"म्हणजे फुंकणीच की," मी म्हणालो. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची, ही ती युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आमची आई पेटंटाशिवाय रोज हेच करायची. फक्त फुंकण्याआधी चुलीत लाकूड आहे का, ते बघायची. नसलं तर राख डोळ्यांत जाते.

माझी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेली. इथली पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्ट्यांनी आमच्या पिढीला एकच धडा दिला. खाली ट्वीयरच्या नळ्यांतून तापलेला वारा जोरात सोडला की कोक भराभर जळतो. वरून कोक-खनिजाचं चार्जिंग मागे पडलं तर भट्टी रुसते, आणि रुसलेल्या भट्टीची समजूत काढायला तिन्ही शिफ्ट लागतात.

पेट्रोलचंही तसंच. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बोने अर्ध्या वातावरणाइतका दाब वाढवला की हवा साधारण दीडपट होते, म्हणजे पेट्रोलही दीडपट हवं. किंबहुना थोडं जास्तच, कारण वाफ होताना ते आतली धग कमी करतं. तेवढं मिळालं नाही तर इंजिन आधी खडखडतं आणि मग पिस्टनला भोक पाडून घेतं.

गाडी दाखवायला नेली, तेव्हा सुपेल्याच्या मिस्त्रीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "भैया, हवा तो जितनी बोलो भर दें. पेट्रोल कहाँ से आएगा?"

मग त्याने यादी सांगितली. पंप मोठा. इंजेक्टर मोठे. रेग्युलेटर वेगळा, कारण हवेचा दाब वाढला की पेट्रोललाही तेवढ्याच जास्त जोराने आत शिरावं लागतं. शिवाय ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंग. आणि वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरटीओला न विचारता गाडीत असे बदल करता येत नाहीत. टर्बो म्हणजे जावई. तो एकटा येत नाही, मागून वऱ्हाड येतं.

या वऱ्हाडाचा विसर भल्याभल्यांना पडतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बोवाली गाडी आली. इंजिन खडखडू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळं भरावं लागे. मालक टर्बोचं कौतुक करत आणि ते भरायला विसरत.

आहे ते पेट्रोल तरी पुरतंय का, हे बघायला मिस्त्रीने मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला. त्याच्या तळाची जाळी चहाच्या गाळणीसारखी काळी पडली होती. इंजेक्टर काढून चार काचेच्या नळ्यांवर लावले. तीन नळ्या एका रेघेपर्यंत भरल्या; चौथी बोटभर खाली राहिली. पुतण्या त्या चौथ्या नळीकडे बराच वेळ बघत होता. ज्या इंजिनाला घरचंच जेवण पोटभर मिळत नव्हतं, त्याला आम्ही फुंकणी लावायला निघालो होतो.

जाळी बदलली, इंजेक्टर साफ केले. टर्बोचा विषय तिथेच राहिला. घरी येताना पुतण्या म्हणाला, "काका, पॉवर वाढली!" वाढली नव्हती, परत आली होती.

तेव्हा तुमचीही गाडी दमत असेल तर फुंकणी आणण्याआधी टाकीतली जाळी एकदा बघून घ्या.