पाचशे रुपयांत शुभमंगल

महाराष्ट्रात लग्नावर किती खर्च करावा याला मर्यादा नाही. त्याच लग्नाची कॅसेट वाचवण्यावर किती करावा याला मात्र आहे. पाचशे रुपये, तेही डिलिव्हरी फुकट असेल तर.

आमच्या सोसायटीचे खजिनदार या पंथाचे ज्येष्ठ अनुयायी. त्यांचं लग्न १९९१ सालचं. सासऱ्यांनी हौसेनं व्हिडिओ शूटिंग ठेवलं होतं. म्हणजे खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्यामागे हॅलोजन धरून उभा पोऱ्या, पोऱ्यामागे कार्यालयभर पसरलेली वायर आणि त्या वायरीत पाय अडकून धडपडणारी वरपक्षाची मंडळी. यातून तीन-तीन तासांच्या दोन व्हीएचएस कॅसेट निघाल्या आणि रुखवतातली भांडी, पंख्याची पाती यांच्या शेजारी माळ्यावर सुखानं नांदू लागल्या. यंदा मुलाचा साखरपुडा ठरला, हॉलमध्ये एलईडीची भिंत भाड्यानं घ्यायचं ठरलं आणि त्या भिंतीवर आईबाबांचं लग्न दाखवायची टूम निघाली. भिंतीचं भाडं गृहस्थानं निमूट कबूल केलं. कॅसेटचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांच्यातला खजिनदार जागा झाला.

"कॅसेट संगणकात उतरवायचं एक यूएसबी मिळतं चारशे एकोणपन्नासला. त्यात होतं सगळं."

यूएसबी आलं. खोक्यावर ठळक अक्षरांत 'फोर के'. एवढ्याशा पैशांत फोर के म्हणून गडी खूश. खरं तर हिशेबाच्या माणसानं इथे एक साधा भागाकार करायला हरकत नव्हती. आपल्याकडच्या पाल पद्धतीचं चित्र संगणकात उतरतं ते ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० टिंबांचं. फोर के म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोब्बर वीसपट. त्यात व्हीएचएसची टेप आडव्या दिशेनं त्या ७२० टिंबांच्या निम्माही तपशील धरत नाही. तेव्हा कॅसेटच्या कामाला फोर के म्हणजे बोडक्या डोक्याला कंगवा. पण खोक्यावर छापायला पैसे पडत नाहीत, आणि वाचणाऱ्याचा जीव सुखावतो.

शिवाय त्या यूएसबीला भोक होतं एचडीएमआयचं. कॅसेटच्या प्लेअरला असतात पिवळं, पांढरं, लाल. मग एक कन्व्हर्टर मागवला. तो नेमका उलट्या दिशेचा निघाला, एचडीएमआयमधून एव्हीत जाणारा. दोन्ही डब्या एकाच साच्यातल्या, फरक फक्त वर छापलेल्या बाणाचा. तो परत केला, दुसरा आला. हा चालला, पण त्यानं चौकोनी चित्र ताणून लांबडं केलं आणि १९९१ सालची सगळी वऱ्हाडी मंडळी एका रात्रीत आडवी सुटली. "तुमच्या ताई तेव्हा एवढ्या जाड होत्या?" असा प्रश्न सूनबाईंच्या माहेरून येण्याआधीच तो कन्व्हर्टरही परत गेला.

अखेर पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींचं, खास याच कामाचं यूएसबी आलं. हे हजाराच्या आतबाहेर मिळतं आणि, खोटं कशाला बोला, ठाकठीक काम करतं. फक्त त्याच्यासोबत ड्रायव्हरची एक छोटी सीडी येते आणि तुमच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. हा विनोद उत्पादकानं केलेला आहे, मी नाही.

एवढं झाल्यावर खजिनदारांच्या लक्षात आलं की प्लेअर कुठे आहे?

घरचा व्हीसीआर त्यांनी कधीच भंगारवाल्याला वजनावर घातला होता. नवा मिळायची सोय नाही. १९७६ साली जपानच्या जेव्हीसीनं व्हीएचएस बाजारात आणली आणि २०१६ च्या जुलैत जपानच्याच फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हा पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारून यायचं, जुन्या बाजारात चक्कर मारायची, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. चालू स्थितीतल्या यंत्राची किंमत दुकानदार चार आकडी सांगतो, कधी पाच आकडी. खजिनदारांनी ती ऐकली आणि "एवढ्यात नवा टीव्ही येतो हो" म्हणून घरी आले. टीव्ही येतो हे खरं. त्यात कॅसेट जात नाही हेही खरं.

शेवटी शरण जावं लागलं ते बी विंगमधल्या एका आजोबांना. ऐंशीच्या दशकात त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. कलर टीव्ही आणि व्हीसीपी रात्रीपुरता भाड्यानं द्यायचे, गणपतीत तर रिकामा सेट मिळायचा नाही. त्यांच्याकडे एक प्लेअर अजून नीट चालू आहे. आजोबांनी कॅसेट हातात घेतली, उजेडाकडे धरून तिच्या खिडकीतून पाहिलं आणि खाली ठेवली.

"ही लावायची नाही."

टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी. आपल्या पावसाळ्याची ही खास देणगी. अशी कॅसेट तशीच लावली की बुरशी प्लेअरच्या हेडवर जाते, चित्र जातं, आणि त्यानंतर लावाल त्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो. आजोबांनी प्लेअरचं झाकण उघडून दाखवलं. आत किंचित तिरका बसवलेला चकचकीत ढोल, मिनिटाला १५०० फेरे मारणारा. टेप त्याला अर्ध्याहून जास्त वेढा घालते. ढोलाच्या कडेला नखाच्या टोकाएवढी हेड, ती टेपवरून तिरक्या रेघा ओढत चित्र वाचतात. त्यांच्यावर धुळीचा कण बसला तरी पडद्यावर बर्फ पडतो. "ही कानात घालायच्या काड्यांनी पुसायची नाहीत," आजोबा म्हणाले, "कापसाचा धागा अडकला की हेड गेलं." मग त्यांनी ढोल हातानं हळू फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कोरा कागद त्यावर आडवा धरून दाखवला. बुरशीची कॅसेट त्यांनी ठेवून घेतली. ती आधी कोरडी करून, टेप सावकाश पुसून मगच चालवायची. कॅसेटचे पाच स्क्रू, आतल्या स्प्रिंगा आणि पत्ती जागच्या जागी बसवणं हे कुणाचंही काम नाही.

"याचे किती घेणार?" खजिनदारांनी विचारलं. आजोबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा खर्च वाचून दाखवताना खजिनदार जसे पाहतात तसंच.

दुसरी कॅसेट धड होती. ती लावली. लॅपटॉपवर लग्न दिसू लागलं, कृष्णधवल, आणि वरून खाली गोल गोल फिरणारं.

"अहो, आपलं लग्न रंगीत होतं ना?"

"असं तुम्हीच सांगत आलात इतकी वर्षं," आतून उत्तर आलं.

दोष लग्नाचा नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडलेली होती, ती बदलून पाल केली आणि शालू पुन्हा हिरवा झाला. पाच मिनिटांनी यूएसबीनं नवीच हरकत घेतली. पडद्यावर सूचना आली की ही सामग्री कॉपीराइटनं संरक्षित असल्यामुळे नक्कल करता येणार नाही. विकतच्या सिनेमांच्या कॅसेट्सची नक्कल होऊ नये म्हणून त्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड घातलेली असायची. जुन्या टेपचा सिग्नल आपोआपच इतका डगमगतो की काही यंत्रांना दोन्हींतला फरक कळत नाही. स्वतःच्या लग्नाची चोरटी प्रत काढताना पकडले गेलेले ते आमच्या पेठेतले पहिलेच नवरदेव असावेत.

या डगमगीवर इलाज आहे. टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र प्रत्येक रेघ जागेवर आणून पुढे पाठवतं. जुने टीव्ही या बाबतीत फार क्षमाशील होते, संगणक नाही. हे यंत्र स्वतंत्र घ्यायला गेलात तर महाग पडतं, पण काही व्हीसीआरमध्ये आणि काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये त्याची छोटी आवृत्ती बसवलेली असते. असा रेकॉर्डर कुणाच्या कपाटात पडून असेल तर प्लेअरची वायर आधी त्यात घालायची आणि तिथून यूएसबीत. आजोबांकडे तोही निघाला. खजिनदारांनी त्याचे किती, हे विचारलं नाही. माणूस शिकतो.

आता प्रश्न वेळेचा. भाच्याचं म्हणणं होतं की कॉपी-पेस्ट का नाही करत. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरायला तीनच तास लागतात, यात सवलत नाही, सीझन ऑफर नाही. या तीन तासांत त्या लॅपटॉपवर दुसरं काही करायचं नसतं. खजिनदारांनी केलं. म्हटलं, बसून काय राहायचं, तेवढ्यात मेंटेनन्सची बिलं काढू. लॅपटॉप बिलांत गुंतला की चित्राच्या चौकटी गाळायचा, आवाज मात्र इमानेइतबारे पूर्ण घ्यायचा. चित्र आखडत गेलं, आवाज मागे पडत गेला. सुरुवातीला काही जाणवलं नाही. कॅसेटच्या दुसऱ्या तासाला मंगलाष्टकं आली तेव्हा पडद्यावर अंतरपाट खाली गेला, हार पडले, अक्षता उडाल्या, लोक पंगतीकडे पळाले आणि मग भटजींचा 'सावधान' ऐकू आला. सौभाग्यवतींचं मत पडलं की यात चुकीचं काहीच नाही, इशारा तेव्हाही उशिराच मिळाला होता.

आणखी एक वर्ग आहे, त्याच्याबद्दल थोडक्यात. हा व्हीएचएसला हसतो, कारण त्याच्याकडे २००४ साली अमेरिकेहून आणलेला मिनी डीव्हीचा हँडीकॅम असतो. त्याची टेप खरोखर डिजिटल. फायरवायरनं ती जशीच्या तशी संगणकात येते, तासाला साधारण १३ जीबी, आणि त्यात दर्जा घटण्याचा प्रश्नच नसतो. पण फायरवायरचं भोक आजच्या लॅपटॉपला नाही. मग एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी शेदीडशेची वायर मागवली जाते. ती वायर अगदी देखणी असते. तिच्यातून काहीही जात नाही, कारण या दोन पद्धतींची बोलीच वेगळी, नुसती टोकं जोडून त्यांचं जमत नाही. जुना डेस्कटॉप आणि त्यात स्वस्तातलं फायरवायर कार्ड हा सरळ मार्ग, पण जुना डेस्कटॉप घरात दिसणं कमीपणाचं.

खजिनदारांची फाइल अखेर नीट झाली. मग ती एलईडीवाल्याच्या पेन ड्राइव्हवर जाईना. ड्राइव्ह ६४ जीबीचा, फाइल सहाची, तरी जागा नाही म्हणे. फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. भाच्यानं तो नव्यानं फॉरमॅट केला आणि जाता जाता एक एआय सॉफ्टवेअर चालवून आजीचा चेहरा 'क्लिअर' करून दिला. आजी आता स्वच्छ दिसतात, बत्तीस दातांसह. १९९१ साली त्यांना चार होते.

साखरपुड्यात भिंतीवर ते लग्न सात मिनिटं चाललं. त्यातली बहुतेक मिनिटं करड्या सफारीतल्या एका गृहस्थांवर गेली, जे प्रत्येक दृश्यात आहेत आणि दोन्हीकडच्या कुणालाच ठाऊक नाहीत.

आता माझं मत. पैसे घालायचे तर आधी प्लेअरवर, मग कॅसेटच्या सफाईवर, आणि सर्वांत शेवटी त्या यूएसबीच्या कांडीवर. आपण बरोबर उलटं करतो, कारण कांडी फोनवर दिसते आणि तिच्या खाली ताऱ्यांची रांग असते. घरात पाच-सहाच कॅसेट असतील तर यातलं काहीही विकत घेऊ नये. हे काम नीट करणाऱ्या माणसाला कॅसेट द्याव्यात, तो मागेल ते द्यावं आणि मूळ कॅसेट परत मागून घ्याव्यात. तो "फुल एचडी करून देतो" म्हणाला तर चहा न घेता उठावं. वीस-बावीस वर्षांपूर्वी असेच 'क्लिअर' करून देणारे गल्लोगल्ली होते. त्यांनी लग्नं व्हीसीडीवर चढवून दिली, ३५२ गुणिले २८८ टिंबांत, म्हणजे पाल चित्राच्या चतुर्थांशाहूनही कमी. लोकांनी सीडी कपाटात ठेवली, कॅसेट कचऱ्यात टाकली, आणि आज त्यातल्या कित्येक सीडी उघडत नाहीत.

म्हणून एवढंच करा. कॅसेट टाकायचा मोह झालाच तर आधी फाइल उघडा आणि पूर्ण बघा. पहिली दोन मिनिटं बघून 'झालं, आलं' म्हणू नका, अगदी वरात निघेपर्यंत बघा. आणि त्यानंतरही कॅसेट टाकू नका.